वाचकांचे प्रश्न : केटच्या शेवटच्या भाषणाचं करायचं काय?

शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’वर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्या नाटकालाच देऊन टाकलं आहे. नाटक न वाचलेल्यांसाठी कथा थोडक्यात. पाडुआतल्या धनाढ्य बाप्टिस्टाला दोन मुली. धाकट्या बियांकासाठी स्थळांची रांग लागलेली, थोरली कॅथरिना, म्हणजे केट, फटकळ म्हणून तिला कुणी विचारत नाही. थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं करणार नाही, असं बाप जाहीर करतो. व्हेरोनाहून आलेला पेट्रुशिओ पैशासाठी थोरलीशी लग्न करतो आणि तिला उपाशी, जागी ठेवून ‘वठणीवर’ आणतो. शेवटच्या मेजवानीत तीन नवरे पैज लावतात : बोलावल्यावर कुणाची बायको येते? केट येते, आणि बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं यावर भलंमोठं भाषण करते.

प्रश्न : आमच्या तालमीत या भाषणाचे दोनच सूर निघतात. मुलगी मनापासून बोलली की सगळे अस्वस्थ होतात. उपरोधाने बोलली की सुरुवातीला हशा येतो आणि मग भाषण लांबतच जातं. तिसरी वाट आहे का? (हौशी मंडळाची दिग्दर्शिका, नाशिक)

आहे, पण ती शेवटच्या प्रवेशात सापडणार नाही. हे भाषण सुटतं चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात, पाडुआच्या रस्त्यावर. तो प्रवेश ‘जाता जाता’ बसवला असेल तर शेवटी कितीही डोकं आपटा, उपयोग नाही.

आधी उपरोध का फसतो ते पाहू. मूळ भाषण ४४ ओळींचं आहे. ‘मी हे खरं बोलत नाहीये’ एवढी एकच गोष्ट प्रेक्षकाला सांगायची असेल तर ती त्याला सहाव्या ओळीला कळते. उरलेल्या ३८ ओळी नटीने काय करायचं? १९२९च्या बोलपटात मेरी पिकफर्डने भाषणात डोळा मारून दाखवला. पडद्यावर तो निभावतो, कारण कॅमेरा जवळ असतो आणि भाषण आखडलेलं असतं. रंगमंचावर डोळा मारला तर पहिल्या तीन रांगांना दिसतो, बाल्कनीला वाटतं नटीच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

आता रस्त्याचा प्रवेश. भरदुपारी पेट्रुशिओ म्हणतो, चंद्र किती छान पडलाय. केट म्हणते, सूर्य आहे. तो घोडे माघारी वळवायला निघतो. बरोबरचा मित्र हॉर्टेन्शिओ तिला सांगतो, तो म्हणतो तसं म्हण, नाहीतर आपण पोचणारच नाही. तेव्हा ती म्हणते : चंद्र म्हणा, सूर्य म्हणा, हवं तर काडीची मेणबत्ती म्हणा, मीही तेच म्हणेन. लगेच तो उलटतो, खोटं, हा तर सूर्य आहे. आणि ती : सूर्यच, आणि तुमचं मन बदलतं तसा चंद्रही बदलतो. ही टोचणी बारीक आहे, घाईत हरवते. पुढे म्हातारा व्हिन्सेंशिओ भेटतो. पेट्रुशिओ त्याला तरुण मुलगी म्हणतो, तर केट त्याच्या वरताण करते. ‘कोवळ्या कळी’ला तिच्या आईबापांच्या आणि होणाऱ्या नवऱ्याच्या भाग्यासकट नावाजते, आणि तो चूक काढतो तेव्हा म्हणते, माफ करा, उन्हाने डोळे दिपले होते. ऊन म्हणताना ती कुणाकडे पाहते?

इथे दिग्दर्शकाने एकच गोष्ट ठरवायची : ती दमली आहे, की तिला खेळ सापडला आहे? दमली असेल तर ‘काहीही म्हणा’ हे वाक्य सपाट यावं, म्हाताऱ्याची स्तुती यंत्रासारखी यावी आणि हॉर्टेन्शिओला हसू येऊ नये. खेळ सापडला असेल तर त्या वाक्याआधी मोठा ठहराव हवा, आणि स्तुतीच्या वेळी पेट्रुशिओच अवाक व्हायला हवा, कारण तोपर्यंत त्याच्या खेळात कुणी भिडू नव्हता. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण पहिलीही प्रामाणिक आहे. १९७८ला मायकेल बॉग्डानोव यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी केलेल्या प्रयोगात शेवट मुद्दाम हसू घशात अडकेल असाच होता. फसतं ते दोन्ही थोडंथोडं करणारं काम.

मग भाषणाकडे या. त्याचे पाच तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा कुणाला उद्देशून आहे ते ठरवा. कपाळावरच्या आठ्या काढ, हे हॉर्टेन्शिओने लग्न केलेल्या विधवेला. ढवळलेल्या झऱ्याची उपमा सगळ्या स्त्रियांना. नवरा तुझ्यासाठी वादळात रात्री जागतो, थंडीत राबतो, तू घरात उबेत निश्चिंत झोपतेस, हा तिसरा तुकडा तालमीत सगळ्यात जास्त वेळ मागतो. प्रेक्षकाने तासाभरापूर्वी काय पाहिलंय? त्या घरात केटला ना ऊब होती ना झोप, आणि नवरा राबत नव्हता, गाद्या फेकत होता. हे वाक्य पेट्रुशिओकडे पाहून, आवाज न चढवता म्हटलं तर उपरोध वेगळा लावावा लागत नाही, तो आपोआप लागतो. चौथा तुकडा राजा आणि प्रजेचा. पाचवा : माझंही मन तुमच्याइतकंच ताठ होतं, पण आमचे भाले म्हणजे नुसत्या काड्या. ती स्वतःबद्दल बोलते ती इथेच, तेव्हा काटछाट करायची तर तिसऱ्या-चौथ्यात करा, पाचव्याला हात लावू नका. मराठीत हे भाषण चार मिनिटांच्या पुढे गेलं तर भाषांतर सैल झालंय असं समजा.

आणि तो हात. नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायला माझा हात तयार आहे, असं ती म्हणते. तो प्रत्यक्ष ठेवते असं संहितेत कुठेही नाही. पेट्रुशिओचं पुढचं वाक्य ‘ये, मुका दे’ असं आहे. तिने वाकावं का, किती वाकावं, त्याने मधेच हात धरावा का, याला संहिता मोकळीक देते. निर्णय पहिल्या तालमीत घेऊ नका, पण रंगीत तालमीपर्यंत लांबवूही नका. ऐन वेळी बसवलेलं वाकणं नमस्कारासारखं दिसतं, आणि आपल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर वटसावित्री उभी राहते.

एक वस्तू जपा : टोपी. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात पेट्रुशिओ टोपीवाल्याने आणलेली टोपी वाटीएवढी म्हणून नाकारतो. केट हट्टाने म्हणते, हीच हवी, नाहीतर नको. शेवटच्या प्रवेशात तो तिला सांगतो, ती टोपी तुला शोभत नाही, काढून पायाखाली टाक. ती टाकते. दोन्हीकडे हुबेहूब एकच टोपी वापरली तर अर्थ बोलून दाखवावा लागत नाही. आम्हाला विचाराल तर वापरा.

प्रश्न : पेट्रुशिओला मिळतो तो हुंडाच ना? रक्कम किती मोठी होती? (वाणिज्य शाखेचे प्राध्यापक, सोलापूर)

हुंडाच, आणि तो घासाघीस न होता एका प्रश्नोत्तरात ठरतो. बाप्टिस्टा देतो २०,००० क्राऊन रोख आणि स्वतःच्या मृत्यूनंतर अर्धी जमीन. कथा इटलीत घडते, पण लंडनच्या प्रेक्षकाच्या कानात क्राऊन म्हणजे पाच शिलिंग. म्हणजे ५,००० पौंड. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, शाळामास्तराचा वर्षाचा पगार २० पौंड होता. अडीचशे वर्षांचा पगार झाला हा.

बदल्यात पेट्रुशिओ लिहून देतो की आपण आधी गेलो तर आपली सगळी जमीन आणि भाडेपट्टे तिचे. इंग्रजी रिवाजात विधवेचा वाटा साधारण एक तृतीयांश असे, त्या मानाने ही बोली सढळ आहे. पण नवरा जिवंत असेतो बायकोची जंगम मालमत्ता त्याचीच, असा तिथला कायदा होता. आपल्याकडच्या स्त्रीधनाशी त्याची गल्लत करू नका, स्त्रीधनावर निदान शास्त्राने तरी बाईचा हक्क मानला होता. लग्नानंतर जेवायला न थांबता केटला ओढून नेताना पेट्रुशिओ म्हणतो, ही माझी मालमत्ता, माझं घर, माझं शेत, माझं कोठार, माझा घोडा, बैल, गाढव. प्रेक्षक हसतात. तो मात्र जवळजवळ कायद्याचं कलमच वाचत असतो. शिवाय त्या यादीत ‘शेजाऱ्याचं घर, बायको, बैल, गाढव यांचा लोभ धरू नकोस’ ही बायबलातली दहावी आज्ञा ऐकू येते.

बियांकाचा सौदा तर उघड लिलाव आहे. म्हातारा ग्रेमिओ शंभर दुभत्या गाई आणि १२० बैल मांडतो. बियांकाच्या प्रेमात पडलेल्या लुसेंशिओचं सोंग घेतलेला त्याचा नोकर ट्रानिओ घरं, वर्षाला २,००० डुकाट उत्पन्नाची जमीन आणि जहाजं मांडतो. यातलं काहीच त्याचं नाही, म्हणून त्याला आकडे चढवायला कष्ट पडत नाहीत. हा प्रवेश लिलाव पुकारतात त्याच गतीने करा, बाप्टिस्टा मधे बसून मान इकडून तिकडे वळवेल तेवढं पुरे. आणि केटच्या लग्नाच्या खटपटीचा खर्च बियांकाचे उमेदवार वर्गणी काढून उचलणार असतात, ती ओळही कापू नका.

प्रश्न : पेट्रुशिओ बायकोला मारतो का? आमच्या पोरांनी लग्नाच्या प्रवेशात चक्क थप्पड बसवली आहे. (एकांकिका करणारा विद्यार्थी, कोल्हापूर)

काढून टाका. संहितेत तो तिला एकदाही मारत नाही. पुन्हा हात उचललास तर मीही उचलेन, एवढी धमकी पहिल्या भेटीत देतो, तीही तिने त्याला थप्पड मारल्यावर. हात चालतो तो तिचा : बियांकाचे हात बांधून तिला मारते, हॉर्टेन्शिओच्या डोक्यात ल्यूट हे तंतुवाद्य घालते, पेट्रुशिओला आणि पुढे नोकर ग्रुमिओला ठोकते. पेट्रुशिओ मारतो नोकरांना, आणि चर्चमध्ये पाद्र्याला. तेही लग्न प्रेक्षकाला दिसत नाही, ग्रेमिओ येऊन सांगतो. तुमच्या पोरांनी थप्पड घातली की नाटकाची खरी क्रूरता झाकली जाते.

ती क्रूरता ससाणा माणसाळवण्याच्या रीतीतून आलेली आहे. पेट्रुशिओच ते स्वगतात सांगतो : माझा ससाणा आता भुकेला आहे, झडप घालेपर्यंत त्याचं पोट भरू द्यायचं नाही, आणि त्याला जागता ठेवायचा. रानातून धरलेला पक्षी मारून शिकत नाही, बिथरतो. त्याला उपाशी ठेवून मालकाच्याच हातून खायला लावतात. झोपू न देणं हा त्यातला दुसरा भाग, आणि त्यासाठी शिकवणाराही जागतो. म्हणून तुमच्या पेट्रुशिओने त्या प्रवेशात घास खायचा नाही. मटण जळलंय म्हणून ताट फेकताना तो म्हणतो, आपण दोघेही उपास करू. तो स्वतः खाताना दिसला तर नुसता गुंड ठरतो. सगळं तिच्या काळजीपोटी चाललंय असं दाखवणं, हा खरा डाव आहे.

या सगळ्यात आमच्या आवडीची जागा टोपीच्या आधी येते. तो स्वतः रांधलेलं ताट घेऊन येतो. ती गप्प. बरं, आवडलं नसेल तर न्या परत. ती म्हणते, राहू द्या. तो म्हणतो, गरिबातल्या गरीब सेवेचेही लोक आभार मानतात. आणि ती : आभारी आहे. दोन शब्द. लगेच पेट्रुशिओ हॉर्टेन्शिओच्या कानात सांगतो, सगळं तूच खाऊन टाक. ताट खरं ठेवा, अन्नाचा वास पहिल्या रांगेला आला पाहिजे. रिकाम्या ताटाने हा प्रवेश होत नाही.

प्रश्न : भाषांतरात केटने नवऱ्याला ‘तू’ म्हणावं की ‘अहो’? (भाषांतरकार, पणजी)

मराठीत यातून सुटका नाही, इंग्रजीला हा त्रास एवढा नाही. सरसकट ‘अहो’ घातलंत तर केट पहिल्या भेटीतच हरते. शेवटपर्यंत ‘तू’ ठेवलंत तर शेवटच्या भाषणाचा भार निघून जातो. आम्ही सुचवू ते असं : पहिल्या भेटीत स्वच्छ ‘तू’. लग्नानंतर जेवायला थांबा म्हणून विनवते तेव्हा चारचौघांत ‘तुम्ही’, त्याने ऐकलं नाही की पुन्हा ‘तू’. सूर्य-चंद्राच्या प्रवेशात पहिलं ठरवून केलेलं ‘अहो’, थोडं जास्तच गोड. पुढे ते ‘अहो’ शरणागतीचं आहे की खेळाचं, हे नटीवर सोडा. पाचव्या अंकात भर रस्त्यात तो मुका मागतो आणि ती आधी लाजते, तिथे एखादं हळू ‘तू’ परत आलं तर प्रेक्षक ते टिपतो.

नावाचंही बघा. ती सांगते, मला कॅथरिना म्हणतात. तो पहिल्या वाक्यापासून ‘केट’चा मारा सुरू करतो. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात, इथे नवरदेव लग्नाआधीच लिहून मोकळा झालेला आहे. म्हणून तिचं मराठी नाव असं ठेवा की ज्याचं लहान रूप लाडिकही वाटेल आणि तुच्छही.

प्रश्न : सुरुवातीचा दारुड्या स्लायचा भाग कापला तर बिघडेल का? (नाशिकच्याच दुसऱ्या मंडळाकडून)

बहुतेक जण कापतात. आम्ही दहा मिनिटांवर आणून ठेवू. गंमत म्हणून एक उमराव दारूच्या नशेत पडलेल्या स्लायला उचलून नेतो, तू मोठा सरदार आहेस असं पटवतो, आणि आपल्या पोरसवदा हुजऱ्याला साडी नेसवावी तसा झगा घालून त्याची बायको बनवतो. त्या पोराला आज्ञाधारक बायकोचा अभिनय शिकवला जातो : हळू बोल, लवून वाग, आणि डोळ्यांत पाणी येत नसेल तर रुमालात कांदा लपव. मग त्या दोघांसमोर केटचं नाटक सुरू होतं. ‘आज्ञाधारक पत्नी’ हे रुमालातल्या कांद्याने वठवता येणारं सोंग आहे, हे शेक्सपिअरने नाटक सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवलंय. हे ठेवलंत तर शेवटच्या भाषणाचं निम्मं काम झालं.

अडचण अशी की १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, स्लाय पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर गायबच होतो. १५९४ला छापलेल्या ‘द टेमिंग ऑफ अ श्रू’ या जवळच्या नाटकात तो शेवटी जागा होतो आणि आपल्याला पडलेलं स्वप्न बायकोवर वापरून बघायला घरी निघतो. अनेक दिग्दर्शक तो शेवट उसना घेतात. घ्या, पण दोन मिनिटांत संपवा.

प्रश्न : मराठीत हे पहिल्यांदा कधी आलं? बायका नसताना केट कोण करायचं? (वाचक, पुणे)

वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं ‘त्राटिका’, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातलं. शाहूनगरवासी मंडळींनी ते गाजवलं, गणपतराव जोशी त्यात प्रतापराव, म्हणजे पेट्रुशिओ, करत. त्राटिका म्हणजे रामायणातली राक्षसी ताटका, तेव्हा नावापासूनच निकाल लागलेला. इंग्रजीतला ‘श्रू’ चिचुंदरीएवढा प्राणी, मराठीत आल्यावर राक्षसी झाला. स्त्रीभूमिका पुरुषच करत, आणि हे मुळाला धरूनच होतं : १६६०पर्यंत इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बाई नव्हती, केट आणि बियांका मुलगेच करत. कांद्याचा रुमाल घेतलेला हुजऱ्या आणि ‘खरी’ केट, दोघेही झग्यातले मुलगे.

प्रश्न : भूमिका उलट्या केल्या तर? पुरुष केट, बाई पेट्रुशिओ? (विद्यार्थिनी, मुंबई)

झालंय. २०१९ला रॉयल शेक्सपिअर कंपनीत जस्टिन ऑडिबर्ट यांनी सगळा समाजच मातृसत्ताक केला, पैसा आणि जमीन बायकांच्या हातात. नुसती दोन पात्रं उलटलीत तर भांडखोर नवऱ्याचं फार्स होतं. करायचं तर हुंड्यासकट सगळं उलटा.

प्रश्न : त्या काळच्या कुणालाच यात काही खटकलं नाही का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

नाटकातच बियांकाला खटकतं. बोलावल्यावर ती ‘कामात आहे’ म्हणून निरोप पाठवते. नवरा म्हणतो, तुझ्यामुळे पैज हरलो. ती म्हणते, माझ्या आज्ञाधारकपणावर पैसे लावलेत हाच तुमचा मूर्खपणा. सगळ्यांची लाडकी, गरीब गाय समजली गेलेली मुलगी हे बोलते. तिची भूमिका नुसत्या गोड चेहऱ्याच्या मुलीला देऊ नका.

बाहेरून उत्तर दिलं त्याच काळातल्या नाटककार जॉन फ्लेचरने, १६१०च्या आसपास, ‘द टेमर टेम्ड’ लिहून. केट वारली आहे, पेट्रुशिओ दुसरं लग्न करतो, आणि नवी बायको मारिया लग्नाच्या रात्रीच मैत्रिणींसह, खाण्यापिण्याचा साठा करून, दार आतून लावून बसते. ससाण्याला उपाशी ठेवणाऱ्याच्या घरात पहिल्यांदा कोठार भरून घेते, हे बघा. त्यातली माणसं सांगतात की पहिल्या बायकोच्या नुसत्या आठवणीने पेट्रुशिओ अजून झोपेत दचकतो. म्हणजे निदान फ्लेचरच्या मते केट काही वठणीवर आली नव्हती. नोव्हेंबर १६३३मध्ये दोन्ही नाटकं दोन दिवसांच्या अंतराने राजा पहिल्या चार्ल्सच्या दरबारात झाली. दरबारी नाट्यव्यवस्था पाहणाऱ्या हेन्री हर्बर्टने वहीत नोंद केली : शेक्सपिअरचं ‘आवडलं’, फ्लेचरचं ‘फारच आवडलं’.